साठ नंबर

९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण घरी फोन वाजला की आई शेजारी कान लावून बसते आणि तुझ्या तोंडून 'हो ताई, बरं ताई' याखेरीज काही निघत नाही. म्हणून मी युक्ती काढली आहे. दर गुरुवारी आमची गाडी तुमच्या आरोग्य केंद्रातून रक्ताच्या कुप्या आणायला येते. थंड पेटीच्या झाकणाला आतून एक कप्पा आहे, कागद ठेवायला. तुझी पत्रं त्यातून येतील, माझी त्यातूनच जातील. केंद्रातल्या सिस्टरला सांगून ठेवलं आहे.

आता कामाचं. परवा शिबिरात मी तुझं बोट टोचलं, त्यात हिमोग्लोबिनचा आकडा दहा पूर्णांक चार. फार छान नाही, पण चालेल. दहाच्या खाली असतं तर तुला आमच्या पाहणीत घेता आलं नसतं, त्या बायकांना आम्ही लगेच उपचारांना पाठवतो. तू साठावी आणि शेवटची. यापुढे आमच्या कागदांवर तू 'साठ नंबर'.

पाहणी कसली ते पुन्हा सांगते, कारण तिथे तू मान डोलवत होतीस आणि लक्ष भलतीकडेच होतं. गरोदर बाईच्या अंगात लोह किती साठलेलं असतं आणि बाळाच्या वाट्याला त्यातलं किती येतं, ते आमचे मोठे डॉक्टर बघताहेत. निम्म्या बायकांनी लोहाच्या गोळ्या आत्तापासून घ्यायच्या, निम्म्यांनी सातवा महिना संपल्यावर. कोण कुठल्या गटात ते बंद लिफाफ्यातून निघतं, त्यात माझा हात नसतो. तुझ्या लिफाफ्यात 'उशिरा' निघालं. तेव्हा सातवा संपेपर्यंत लोहाची एकही गोळी घ्यायची नाही, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी. महिन्याला एक कुपी रक्त द्यायचं. ते आम्ही गोठवून ठेवतो आणि शेवटी सगळ्यांचं एकदमच तपासतो, म्हणजे मोजमापात फरक राहत नाही.

बदल्यात मोठ्या यंत्रावर सोनोग्राफी, आणि बाळंतपण आमच्या दवाखान्यात. मागच्या वेळेसारखं या वेळी होऊ द्यायचं नाही. तू माझ्या नजरेखाली आहेस.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताईंना सप्रेम नमस्कार,

तुमची युक्ती झकास! रक्ताच्या पेटीतून आलेलं पत्र वाचणारी मी जगात पहिलीच असेन. कागद अजून गार होता. आई विचारत होत्या कसला कागद, तर म्हटलं दवाखान्याचा, आणि खोटंही बोलले नाही.

दहा पूर्णांक चार वाचून जिवात जीव आला. खरं सांगू? तुम्ही बोट टोचलंत तेव्हा यंत्रातला आकडा बघून यंत्र पटकन उलटं ठेवलंत आणि घाईघाईने लिहायला लागलात. मला वाटलं, झालं, काहीतरी वाईट निघालं. तुमच्या भावाला सांगितलं तर हे म्हणाले, ताई शाळेत असतानाही परीक्षेचा पेपर असाच झाकून लिहायची. आणि लगेच गाडी घेऊन पाच दिवसांच्या फेरीवर निघून गेले. यांचं सांत्वन एवढंच.

मागचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. मागच्या वेळी पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा आईंनी पाळणा माळ्यावर टाकला आणि त्यावर जुन्या गाद्या रचल्या. परवा मी शिबिरातून आले तर गाद्या खाली होत्या. ताई, या वेळी त्या गाद्या पुन्हा वर जाऊ नयेत, एवढं एकच मागणं आहे माझं. तुम्ही सांगाल तसं वागेन.

कारखान्यात शाळांचे गणवेश सुरू झालेत. रोज चारशे बाह्या कापते. मास्तर म्हणतात, भिंगरी, आता जरा सावकाश फिर.

तुमची
भिंगरी (साठ नंबर)


२ मार्च

प्रिय भिंगरी,

पहिली कुपी पोचली. छान भरली होती. लोखंडी कढई माळ्यावर असेल तर काढ आणि भाजी त्यात शिजव. जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तुझा चहा म्हणजे तुझा जीव हे मला ठाऊक आहे, तरीही.

यंत्र उलटं ठेवलं कारण त्याच्या काचेवर ऊन येत होतं. तू नाही ते बघत बसतेस.

ताई


२३ मार्च

ताईंना नमस्कार,

आज कबुलीजबाब द्यायचा आहे. हसणार नसाल तर सांगते.

मी खडू खाते.

फळ्याचा नाही, कापडावर खुणा करायचा, चपटा, साबणाच्या वडीसारखा असतो तो. महिनाभर झाला. आधी नुसता वास घ्यायची, मग जिभेला लावायची, आता कुडुमकुडुम चावून खाते. चौकोनी वडी दुपारपर्यंत संपते. मास्तरांना वाटलं कुणी चोरतंय. त्यांनी सगळ्यांची टेबलं तपासली आणि माझ्यापाशी येऊन थांबले, म्हणाले, 'तुझ्या ओठाला काय लागलंय?' अख्खा कारखाना हसला. आता ते मला रोज सकाळी एक वडी वेगळी देतात, म्हणतात, ही तुझी न्याहारी, बाकीच्यांना हात लावू नकोस. मला लाज वाटते, पण सुटत नाही. भिंतीचा चुना दिसला तरी तोंडाला पाणी सुटतं.

दुसरं म्हणजे दम. टेबलापासून शिवणाऱ्यांपर्यंत गठ्ठा नेला की भिंत धरून उभी राहते. परवा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साठ सदऱ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मास्तर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

सिस्टरने माझी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाली, अगं, आत पांढरी फटक आहेस. गोळ्या सुरू करू का म्हणून तिने तुमच्याकडे फोन लावला. तिकडून सांगितलं, नोंद दहा पूर्णांक चारची आहे, इतक्यात एवढं उतरत नाही, नियम मोडू नका. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, घरी जाऊन झोप.

ताई, खडूने बाळाला काही होत नाही ना? बाकी मी सोसेन.

भिंगरी


३० मार्च

प्रिय भिंगरी,

खडूचं मनाला लावून घेऊ नकोस. पोटुशीला असले डोहाळे होतातच, कुणी माती खातं, कुणी पाटीची पेन्सिल. बाळाला काही होत नाही. दमही लागतोच, दोन जिवांचं ओझं आहे. सिस्टर नवी आहे, घाबरट आहे.

सोबत एक पुडी ठेवली आहे, कप्प्याच्या तळाशी. तीस गोळ्या आहेत. ताकदीच्या आहेत. रोज एक, जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर. केंद्रात दाखवू नकोस आणि कुणाला सांगू नकोस, सिस्टरलाही नाही. त्या संपल्या की कळव, आणखी पाठवीन.

घेच. मला वचन दे.

ताई


६ एप्रिल

ताईंना नमस्कार,

पुडी मिळाली. तुमचा केवढा जीव आहे ते कळलं. रोज एक, जेवणानंतर दोन तासांनी, तुम्ही सांगितलंत तश्शीच. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. आता निश्चिंत राहा आणि स्वतःच्या नोकरीकडे लक्ष द्या. हे म्हणत होते की या पाहणीवर तुमचं कायम होणं अवलंबून आहे. माझ्यामुळे त्यात खडा पडायला नको.

खडू मात्र अजून सुटत नाही. बाळ पोटात फार हलत नाही, पण आई म्हणतात शांत स्वभावाचं असेल, बापासारखं.

तुमची भिंगरी


१८ मे

प्रिय भिंगरी,

आनंदाची बातमी आधी. काल माझा कायमपणाचा कागद आला! अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायची, साहेबांच्या दारात उभं राहायचं, ते संपलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की साठच्या साठ बायका टिकवल्या त्या हिच्यामुळे.

तू गोळ्या घेतेस हे वाचून बरं वाटलं. दुसरी पुडी सोबत आहे. आता पंधरा दिवसांत तुझ्या गटाच्या गोळ्या केंद्रातूनच सुरू होतील, मग माझ्या नकोत. तुझी या महिन्याची कुपी मीच फ्रीजरच्या फळीवर लावली. साठ नंबरची जागा कोपऱ्यात आहे, माझ्या उंचीच्या जरा वर, टाचा उंचवाव्या लागतात.

बाळासाठी नाव मी शोधणार आहे, आधीच सांगून ठेवते. तुम्हा दोघांच्या डोक्यात काही तरी भलतंच येईल. वही केली आहे त्यासाठी.

ताई


१२ ऑगस्ट

ताईंना नमस्कार,

तुम्ही येऊन दोन दिवस उशाशी बसलात तेव्हा मला बोलायचं त्राण नव्हतं. आता उठून बसते. म्हणून लिहिते.

जूनमधल्या त्या दिवशी मी टेबलापाशीच होते. जेवणाची सुट्टी व्हायची होती. पाठीत कळ आली, खाली बघितलं तर कापलेल्या पांढऱ्या बाह्यांचा गठ्ठा लाल झाला होता. मास्तरांनी स्वतःच्या गाडीत घातलं. तुमच्या दवाखान्यापर्यंत मी टिकणार नाही असं सिस्टर म्हणाली, म्हणून इथल्या छोट्याच दवाखान्यात नेलं. हे तेव्हा चारशे किलोमीटरवर होते. सहा आठवडे आधी झाली, पावणेदोन किलोची. रडली नाही. कागदासारखी होती. डॉक्टर माझं रक्त थांबवत होते आणि सिस्टर नाळेतलं रक्त घ्यायला वाकली होती. तिच्या खिशात कुपी तयार होती, नंबर घालून. मला तीन पिशव्या रक्त चढलं. डॉक्टर म्हणाले, अंगात काही शिल्लकच नव्हतं हिच्या, थोडं गेलं तरी जास्त झालं.

आता जे सांगायचं ते. ताई, तुमच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. एकही नाही.

मी त्या ओळखल्या होत्या. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई तुमच्या पहिल्या गटात आहे, तिच्या पर्समध्ये तसल्याच विटकरी गोळ्या असतात. मला कळलं की तुम्हाला राहवलं नाही, नियम मोडून पाठवल्यात. पण नियम तुम्हीच लिहिला होता, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी. माझ्या रक्तात लोह दिसलं असतं तर तुम्हीच पकडल्या गेला असतात. अकरा वर्षांची तुमची वाट मी कशी अडवणार? आणि वाटलं, दहा पूर्णांक चार आहे की माझं, ठीकच आहे, निभेल. म्हणून घेतल्या असं खोटंच लिहिलं. दोन्ही पुड्या खडूच्या डब्यात आहेत. केंद्रातून मिळायला लागल्या त्या घेतल्या, पण तेव्हा तीनच आठवडे उरले होते.

मीच चुकले. तुम्ही सांगितलेलं ऐकलं असतं तर पोर अशी झाली नसती. आई म्हणतात, खडू खाऊन खाऊन पोरीचं रक्त पांढरं केलंस. मी ऐकून घेते. तुम्ही मला माफ करा.

भिंगरी


२१ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचलं. एवढं बजावून सांगितलं होतं, वचन घेतलं होतं. तू तेवढं ऐकायला हवं होतंस. पण झालं ते झालं. मी तुझ्यावर रागावलेली नाही. आईला मी समजावेन.

आता पोरीकडे लक्ष दे. तिच्या कुप्यांवर आम्ही 'साठ-ब' लिहितो, ब म्हणजे बाळ. सहा आठवड्यांची कुपी पोचली आहे. वर्षाची झाली की शेवटची. लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तसे न चुकता घाल.

त्या पुड्या फेकून दे. आणि तुझं ते पत्र मी जाळलं आहे, तूही माझी ठेवू नकोस. उगाच कुणाच्या हाती लागायला नकोत.

नावाची वही अजून माझ्यापाशी आहे. तुला बरं वाटलं की बोलू.

ताई


१८ एप्रिल

ताईंना,

आठ महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. लेक दहा महिन्यांची होत आली. उशीला टेकवून बसवली की बसते, उशी काढली की एका बाजूला कलंडते आणि तशीच पडून राहते, रडतसुद्धा नाही. मान धरायलाच तिने सहा महिने घेतले. तिच्यानंतर महिन्याने झालेली शेजारची पोर घरभर रांगते. डॉक्टर म्हणतात वेळेआधीची आहे, शिवाय पोटात असतानाच लोह कमी पडलं, आता आपण घालतोय पण मेंदू तेव्हा घडत असतो, मागचं कितपत भरून निघेल ते आज सांगता येत नाही. थेंबांनी तिचे दोन दात काळे झालेत. आईंना कुणी बघायला आलं की त्या तिचं तोंड पदराने झाकतात आणि मला ऐकू जाईल इतपत आवाजात खडूची गोष्ट सांगतात. पोटातले सगळे दिवस मी रोज मोजते, रोज एका गोळीपाशी येऊन थांबते. तीस अधिक तीस. आठ महिने माझं एवढंच चाललंय.

तर मुद्द्याचं. परवा केंद्रात तुमच्याकडची दोन माणसं आली होती, तपासणीवाली. सिस्टर सांगत होती, त्यांनी बोट टोचायचं यंत्र संगणकाला जोडलं, त्यातले जुने आकडे काढले आणि नोंदवहीशी ताडून बघितले. एका नंबरवर त्यांची पेन्सिल थांबली. आता तो नंबर पाहणीतून काढून टाकलाय म्हणे. सिस्टर नंबर सांगेना. मी म्हटलं, साठ का? तर ती कपाट आवरायला लागली.

ताई, शिबिराच्या दिवशी तुमच्या हातातल्या यंत्रावर ऊन नव्हतं. मंडप होता वर. मला आत्ता आठवलं.

माझा आकडा किती होता?

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरी,

यंत्राने नऊ पूर्णांक एक दाखवलं होतं. मी दहा पूर्णांक चार लिहिलं.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत यंत्र जुनं आहे, असा फरक येतो, असं होतं. ती फाडली.

तीन आठवडे आमच्याकडे एकोणसाठ बायका होत्या. साठ झाल्याशिवाय पाहणी सुरू होणार नव्हती आणि पाहणी सुरू झाल्याशिवाय माझा कागद पुढे सरकणार नव्हता. तुमच्या केंद्रातलं शिबिर शेवटचं होतं, आणि त्या दिवशी रांगेत तू शेवटची होतीस. मी स्वतःला सांगितलं की तुझ्याच भल्याचं आहे, तू मोठ्या डॉक्टरांच्या नजरेत राहशील, माझ्या नजरेखाली राहशील. आजवर आईला, भावाला, सगळ्यांना मी हेच ऐकवलं आहे की भिंगरीसाठी खटपट करून जागा मिळवली. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुला आज सांगते आहे. मला वाटलं, निम्मी शक्यता आहे, पहिला गट निघाला तर तुला गोळ्या लगेच मिळतील आणि कुणाचंच काही बिघडणार नाही. लिफाफा फोडला तर 'उशिरा' निघालं. पण वहीत शाईने लिहून झालं होतं.

तू खडूचं लिहिलंस तेव्हा मला कळलं होतं. लोह संपत आलं की खडू-माती खावीशी वाटते, हे मी दर वर्षी नव्या मुलींना शिकवते. सिस्टरचा फोन आला तो मीच घेतला होता. नियम मोडू नका हे मीच म्हणाले. आणि आठवड्याने चोरून पुडी पाठवली, ताकदीच्या म्हणून. त्या लोहाच्या आहेत आणि तुझा आकडा नऊ आहे, एवढी एक ओळ लिहिली असती तर तू घेतल्या असत्यास. मी ती लिहिली नाही, कारण कागदावर राहिली असती.

मे महिन्यात तुझी कुपी माझ्या हातात होती. यंत्रावर लावली असती तर अर्ध्या तासात कळलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. लावली नाही. आकडा कळला असता तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी टाचा उंचावून ती कोपऱ्यात ठेवली आणि हात धुतले.

आणि ऑगस्टमध्ये तू माफी मागितलीस. तुझं पत्र मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून शेवटी लिहिते आहे.

आता आयांच्या आणि नाळेच्या सगळ्या कुप्या तपासून झाल्या. तुझ्या पहिल्याच कुपीत साठा जवळजवळ संपलेला होता. नाळेच्या रक्तातही तळच लागला होता. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि म्हणाले, साठ नंबर काढून टाकू, एकोणसाठावर भागेल. एकोणसाठावरच भागलं. माझी नोकरी आहे तशीच आहे. मला काढतील असं वाटलं होतं, तेही झालं नाही.

माफ कर म्हणत नाही. पोरीची वर्षाची कुपी बाकी आहे. पाहणीसाठी नको आता. मी स्वतः तपासेन आणि जो येईल तोच आकडा तुला लिहीन. पाठवशील का?

ताई


६ मे

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. तुमच्या पेटीतून नाही.

तुमचं पत्र तुमच्या भावाला वाचायला दिलं. ते वाचून गाडीत जाऊन बसले, गाडी सुरू न करता, जेवायच्या वेळेपर्यंत. आईंचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून त्यांना मी मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये न थांबता. वाचून झाल्यावर त्या उठल्या आणि पोरीला थेंब घातले, आठ महिन्यांत पहिल्यांदा. काल शेजारीण आली तेव्हा त्यांनी तिचं तोंड झाकलं नाही. माझी काही तक्रार नाही त्यांच्याबद्दल. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी धरून ठेवलं. मीही तेच केलं.

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कुणी म्हणेल, खरं सांगायला धीर लागतो. लागत असेल. पण विचारल्याशिवाय तुम्ही सांगितलं नसतंत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या दोन माणसांनी यंत्र जोडून बघितलं नसतं तर मी मरेपर्यंत त्या साठ गोळ्या मोजत बसले असते, आणि तुम्ही मला दर वर्षी समजावत राहिला असता की झालं ते झालं.

मला राग कसला येतो सांगू? नऊ पूर्णांक एकचा नाही. नोकरीसाठी माणूस काय काय करतं, मी कारखान्यात बघते. मला राग येतो तो तुमच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून मी गोळ्या डब्यात ठेवल्या त्याचा. तुम्ही मला तुमच्यासाठी वापरलंत, आणि मी खुशीने, तुमच्यापेक्षाही चोख वापरून घेतलं. दोघींनी मिळून एका पोरीचं भरायचं ताट रिकामं ठेवलं. त्यातली एक आठ महिने रोज रडली. दुसरी कायम झाली.

पाळणा पुन्हा माळ्यावर टाकलेला नाही. माझं तेवढंच मागणं होतं, ते पुरं झालं असं समजते. लेक त्यात मावेनाशी झाली आहे. मी रोज कामावर जायच्या आधी तिला जमिनीवर बसवते आणि उशी काढून घेते. पडते. पुन्हा बसवते. काल अकरा मोजेपर्यंत बसली. हा आकडा मी स्वतः मोजला आहे, तेव्हा तो खरा आहे.

कुपी पाठवणार नाही. तिला आता टोचतील ते इथले डॉक्टर, माझ्यासमोर, आणि यंत्र माझ्याकडे तोंड करून ठेवतील. तसं सांगून ठेवलं आहे.

सोबत दोन पुड्या परत करते आहे. पत्रं मी जाळली नव्हती, जाळणारही नाही.

नावाची वही आता बंद करा. नाव आम्ही ठेवलं आहे. ते तुम्हाला कळवत नाही. तुमच्या कागदांवर ती साठ-ब आहे, तुम्हाला तेवढं पुरे.

साठ नंबर